मित्राच्या खोलीत कोण गुणगुणून राहिलं?

भंडाऱ्यात गाणी ऐकणारे गंज आहेत, पोत्यानं मोजावेत इतके. पानठेल्यावर आहेत, दवाखान्याच्या रांगेत आहेत, आणि नदीच्या पुलावर मोटारसायकल टेकवून कानात इयरफोन खुपसून उभे असलेले तर वैनगंगेतल्या माशांपेक्षा जास्त. पण कान असलेली माणसं फक्त चार, आणि त्यातला पहिला कान माझा. हे मी म्हणत नाही. म्हणजे मीच म्हणतो, पण बाकीच्या तिघांनी ते नाकारल्याचं अजून माझ्या ऐकण्यात नाही.

एसटीत कंडक्टर होतो मी. भंडारा, तुमसर, बपेरा या रस्त्यावर इतकी वर्षं काढली की डांबराला माझ्या आवाजाची सवय झाली होती. मी 'चला' म्हणालो की आमची गाडी तर सुटायचीच, शेजारच्या फलाटावरची साकोलीची गाडीही सुटायची, तिचा ड्रायव्हर कँटीनमध्ये चहा पीत असला तरी. खिडक्यांचा खडखडाट, टोपलीतल्या कोंबड्या, दोन बायांचं भांडण आणि त्याच्या तळाशी कुठंतरी ड्रायव्हरच्या टेपवरचं गाणं. त्यातून गाणं तेवढं वेचून काढायचं, असं माझं शिक्षण झालं.

मी रिटायर झाल्यावर आम्ही चौघांनी मोबाईलवर ग्रुप काढला. एक मी. दुसरा माझा शाळेपासूनचा मित्र, कोशाच्या रेशमी साड्या विणणाऱ्या जुन्या घरातला. तिसऱ्या, हायस्कूलात शिकवणाऱ्या एक बाई, ज्यांच्यासमोर मी आजही पाय खाली घेऊन बसतो. आणि चौथा, नदीपलीकडे कारध्याला धानाची गिरणी चालवणारा एक जाडजूड रसिक. ग्रुपचं काम एकच. रोज संध्याकाळी सात वाजता ज्यानं त्यानं सांगायचं, आत्ता काय ऐकून राहिलो.

पहिले काही दिवस सगळे हरिश्चंद्र होते. मग एका संध्याकाळी गिरणीवाल्यानं तासभराच्या एका रागाची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'डोळे भरून आले.' त्या वेळी मी एका लग्नात होतो, आणि तोही त्याच लग्नात, माझ्यापासून दहा हातांवर, डीजेसमोर रुमाल दातात धरून नागीण झाला होता. डोळे भरले होते हे खरं, पण ते वांग्याच्या भाजीनं.

तेव्हापासून लिंक बंद. नवा नियम मीच केला. गाणं खोलीत मोठ्यानं लावायचं आणि त्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून टाकायचा. ज्याच्या खोलीत वाजतं, त्याचं गाणं. नियमाचा परिणाम असा झाला की आम्ही गाण्यापेक्षा एकमेकांच्या खोल्याच जास्त ऐकू लागलो. बाईंच्या गाण्यात कुकर शिट्टी द्यायचा. गिरणीवाल्याच्या गाण्यात पट्टा फडफडायचा. आणि मित्राच्या गाण्यामागे त्याच्या हातमागाचा खट्-खटक, खट्-खटक चालायचा. तो त्याचा मोठाच मान होता. "तुमच्या गाण्याले तबला असते, माह्या गाण्याले माग असते," असं तो बाईंनासुद्धा ऐकवायचा. आणि माझ्या खोलीत? माझ्या खोलीत मी असायचो. गाणं कोणत्या वर्षी, कोणत्या गाडीत, कोणत्या ड्रायव्हरच्या टेपवर पहिल्यांदा ऐकलं, हे मी मागून सांगत असे. लोकांना माहिती हवीच.

बरं चाललं होतं. मग दिवाळीनंतर मित्राचं गाणं बदललं.

आधी तो आपली नेहमीची जुनी सिनेमाची गाणी टाकायचा, सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेली. आता एकाएकी अशी गाणी येऊ लागली की माझ्यासारख्या माणसाला ती कुठून आली ते कळेना. एका संध्याकाळी झाडीपट्टीच्या कोण्या नाटकातलं, प्रेक्षकांतून कोणी मोबाईलवर धरलेलं, ऑर्गनच्या सुरावर गाणारी बाई अशी की तिच्या आवाजानं मांडवाचा पडदाच हलत असावा. दुसऱ्या दिवशी कव्वालीच्या ठेक्यावरचं भीमगीत, दोन बायांनी सवाल-जवाब करून गायलेलं. असली गीतं आमच्या वस्तीत एप्रिलभर वाजतात, आणि हे मला माहीत नाही म्हणजे काय? आणि एक तर थेट बपेऱ्याकडच्या बोलीतलं, अर्धी मराठी अर्धी हिंदी, नदीपल्याडच्या नवऱ्याला बोलावणारं.

बाईंनी लिहिलं, 'हे कुठून आणता हो? शाळेतून येताना डोकं दुखत होतं, ते विसरले.' गिरणीवाल्यानं लिहिलं, 'दिवसभराचा कोंडा कानातून निघाला.' मी लिहिलं, 'ठीक.'

मला ते ठीक वाटलं नव्हतं. मला घाम फुटला होता. हा माणूस तुमसरच्या पुढे कधी गेला नाही. तुमसरला गेला तरी परत येऊन आंघोळ करतो, इतका त्याला परक्या गावाचा तिटकारा. त्याच्याकडे बपेऱ्याचं गाणं येतं कुठून? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मागचा माग कुठं गेला? गाण्यामागे खट्-खटक नव्हतं. नुसती मोठी, मोकळी, पोकळ खोली होती.

चौकातल्या चहाच्या टपरीवर त्याला धरलं.

"का गा, माग बंद ठेवला का?"

"कायले बंद ठेवू?" तो बशीत बघत म्हणाला.

"मंग आवाज कुठी गेला?"

"दार लावून घेतो मी आता. शाळेच्या बाईले डोकेदुखी हाये ना. मागाच्या आवाजानं वाढते."

दुसऱ्याच्या डोकेदुखीचा या माणसानं जन्मात विचार केला नव्हता. आमच्या वर्गात एकाला कांजिण्या आल्या तर हा त्याच्या वाट्याच्या लिमलेटच्या गोळ्या मागायला गेला होता. मी घरी आलो, खोलीचं दार लावलं, नातवानं टाकून दिलेले मोठे हेडफोन डोक्यावर चढवले आणि मित्रानं टाकलेल्या अर्ध्या मिनिटाच्या आवाजांच्या पट्ट्या एकेक करून ऐकायला बसलो.

गाणं बाजूला सारलं. ती माझी कलाच. ऑर्गन बाजूला, बाई बाजूला, टाळ्या बाजूला. खाली खोली उरली. त्या खोलीत कोणीतरी गुणगुणत होतं.

बाई गुणगुणत होती. गाण्याच्या जरा मागून, आवाज नाकात धरून. मधेच थांबायची. मग 'टिण्ण' असा बारीक आवाज, स्टीलच्या ताटलीत खडा पडल्याचा. आणि थांबली होती तिथूनच पुन्हा गुणगुणायची, गाणं तोवर पुढं गेलेलं असलं तरी.

मी हेडफोन काढले. असं गुणगुणणारी एकच बाई मला माहीत होती. तांदूळ निवडताना खडा सापडला की ती थांबते, खडा ताटलीत टाकते, आणि सोडलेल्या जागेवरून पुन्हा धरते. लग्न होऊन आली तेव्हापासून. ती माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

आता ग्रुप गेला खड्ड्यात. माझा संसार माझ्या मित्राच्या मोबाईलमधून वाजत होता. संध्याकाळी सातला मी इकडे रेकॉर्डिंग करायचो तेव्हा ती घरी नसायची, हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. बचत गटात जाते म्हणायची. आणि चेहरा मोकळा घेऊन परत यायची. मी त्याला चांगली तब्येत समजत होतो.

मी एक चाचणी घ्यायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मित्राची ती बपेऱ्याची पट्टी मोठ्यानं लावली. नजर तिच्या चेहऱ्यावर रोवून ठेवली, पोलीस ठेवतात तशी.

पापणी हलली नाही. भाकरी उलटली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"बरं हाये."

"कोनाचं असन?"

"मले काय माहीत?" म्हणाली, आणि तवा चिमट्यानं सरकवता सरकवता पुढची ओळ गुणगुणली.

पुढची ओळ! पट्टी तर अर्ध्या मिनिटात, आधीच्याच ओळीवर तुटली होती.

त्या रात्री मी जेवलो नाही. म्हणजे तिनं वाढलेलं जेवलो, पण चव घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणवाडीत गेलो, कारण गटाची बैठक तिथं भरते असं माझ्या डोक्यात होतं. सेविकाबाई म्हणाल्या, "इथी कुठी जी? पावसाळ्यात छत गळलं तेव्हापासून त्या दुसरीकडे बसतात. तुमाले घरून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना," मी म्हणालो. "तपासून पाहून राहिलो."

संध्याकाळी ती निघाली. हातात ताटली, खांद्याला पिशवी. मी स्कूटर ढकलतच मागं मागं गेलो, कारण माझ्या स्कूटरचा आवाज तिला माझ्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचा. ती मोठ्या रस्त्यानं गेली नाही. कोशाच्या गल्लीत वळली. मित्राच्या घराच्या पुढच्या दाराकडे तिनं पाहिलंही नाही. सरळ मागच्या अंगाला, जिथं त्याच्या मागांची लांबोळी शेड आहे, तिकडून आत गेली. अशा सराईतपणे की मी इतक्या वर्षांचा दोस्त असून मला त्या मागच्या दाराची कडी कुठं आहे ते ठाऊक नव्हतं.

माझी छाती मागासारखी वाजत होती, खट्-खटक. खिडकीच्या गजाला डोळा लावला.

आत माग होते, पण सगळ्यांवर निळं प्लास्टिक टाकलेलं. मधल्या मोकळ्या जागेत बाया गोल बसलेल्या, पुढ्यात सुपं आणि ताटल्या, मधोमध गटानं विकायच्या चिन्नोर तांदळाचा ढीग. सुगंध खिडकीबाहेर येत होता. माझी बायको एका छोट्या स्पीकरजवळ बसली होती, मांडीवर मोबाईल, आणि एक एक गाणं शोधत होती. बाकीच्या तिला फर्मान सोडत होत्या. "वहिनी, ते कालचं लाव ना!" "नाही जी, माजं माहेरचं आधी!" आणि शेडच्या पार टोकाला, पोत्याआड स्टुलावर बसून, माझा मित्र आरतीचं ताट धरावं तसा मोबाईल उंच धरून होता. रेकॉर्ड करून राहिला होता.

"सापडला!" मी ओरडलो.

माझा आवाज सांगितलाच आहे. छपरातल्या चिमण्या उडाल्या, एका बाईचं सूप उलटलं, आणि कारध्याची कुत्री पुलावरून उत्तर द्यायला लागली. मित्र स्टुलावरून तांदळाच्या पोत्यावर पडला. पडताना त्याचा अंगठा सुटला आणि ती पट्टी माझ्या 'सापडला'सकट ग्रुपवर गेली. पाठोपाठ बाईंचं उत्तर: 'गाणं अप्रतिम. शेवटी ओरडलं कोण?'

"अबे, दारातून ये ना!" मित्र पोत्यावरून म्हणाला.

मी दारातून आलो. "हे काय चालू हाये? चोरून बायांचे गाणे धरतो? आनि आपल्या नावानं टाकतो?"

"नियम कोणाचा?" तो कपडे झटकत म्हणाला. "ज्याच्या खोलीत वाजते त्याचं गाणं. खोली कोणाची? माही. वाजून राहिलं होतं का नाही?"

नियम माझाच होता. मी निळ्या प्लास्टिककडे बोट केलं. "आनि माग?"

तो एकदम खाली बसला. "विणणारे गेले नागपूरले. दोघं होते शेवटी, ते बी गेले. एकटा मी कोणता माग चालवू गा? मागाचा आवाज नसला त माह्या गाण्यात ठेवलंच काय? मंग ह्या बायाले जागा पाहिजे होती, त मी म्हटलं बसा. ह्या बसल्या, गाणे लागले, मले लागली चटक." मग माझ्या बायकोकडे न बघता, "वहिनी, विचारायले पाहिजे होतं. चुकलं."

बायकोनं स्पीकर बंद केला. "मले वाटे, भाऊ मोबाईलात काही पाहून राहिले," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "कुठी टाकत होते हे?"

"आमच्या ग्रुपवर."

"मंग? लोक काय म्हणे?"

सगळ्या बायांचे हात थांबले. मी खिशातून मोबाईल काढला. बाईंचं वाचून दाखवलं, डोकेदुखीचं. गिरणीवाल्याचं वाचलं, कोंड्याचं. ती ऐकत होती, मान जराशी तिरपी करून. असा चेहरा मी पाहिला नव्हता. तिकीट न काढता खिडकीची जागा मिळालेल्या माणसाचा असतो तसा.

"आनि तुमी काय लिवलं?"

कंडक्टरला गर्दीतून वाट काढता येते. मला त्या शेडमधून काढता आली नाही.

"ठीक," मी म्हणालो.

"ठीक, म्हणजे?"

"म्हणजे लिहिलं. ठीक."

"एकाच गाण्याले?"

"सगळ्याले."

तिनं ढिगातून एक खडा उचलला, बघितला, ताटलीत टाकला. कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

"अव पन घरी काहून नाही वाजवत तू?" मी आवाज चढवला, दुसरं काही सुचेना म्हणून. "स्पीकर हाये, मोबाईल हाये, कोणी अडवलं?"

"घरी कधी वाजवू?" ती शांतपणे म्हणाली. "सकाळी तुमचं, दुपारी तुमचं, साती तुमचं. आनि गाणं लागलं का तुमी सुरू होता, कोन्या साली ऐकलं, कोन्या गाडीत ऐकलं, डायवर काय म्हणे. त्या बिचाऱ्या गाणाऱ्या बाईले बोलू तरी देता का तुमी?"

आता मात्र सगळ्या हसल्या. मित्र सगळ्यात मोठ्यानं हसला, पोत्यावर पुन्हा पडला.

मग तो सरळ झाला आणि म्हणाला, "वहिनी, आज बाईले सांगून टाकतो, हे सगळे गाणे तुमचे. तुमालेच घेतो ग्रुपात. काय बे?" हे शेवटचं मला.

मी मान हलवली. तेवढं तर करायलाच हवं होतं, नाहीतर ती घरातून उठून या शेडलाच कायमची राहायला येईल असं मला वाटून राहिलं होतं. ती घरी नाही आली तर जेवणाचं नंतर पाहता आलं असतं; पण ती गुणगुणत असलेल्या खोलीत गाणं कसं वाजतं, हे मी त्या हेडफोनमध्ये ऐकून आलो होतो.

पण ती म्हणाली, "मी कायले येऊ? तुमी अर्धा मिनिट ऐकता आनि एकमेकाचे घरं तपासता. आमी पुरं ऐकतो."

मित्रानं त्या रात्री ग्रुपवर लिहून टाकलं, खरं काय ते. मागाचंही लिहिलं. बाईंनी बायकोसाठी लिहिलं, 'त्यांना सांगा, त्यांच्यामुळे माझी शिकवणीसुद्धा सोपी होते.' ते मी तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

त्याआधी, शेडमधून घरी परतताना ती पुढं, मी स्कूटर ढकलत मागं. गल्लीच्या तोंडाशी मी विचारलं, "उद्या जाशील?"

"जाईन."

"मी येऊ?"

ती थांबली. "तोंड घरी ठेवून येत असान त या."

आता मी जातो. मला पुढ्यात एक सूप मिळालेलं आहे. खडे मला दिसत नाहीत, ते बाया माझ्या ताटलीतून पुन्हा निवडतात आणि एकमेकींना डोळ्यांनी खुणा करतात, ते मला दिसतं. बोलायचं नाही असा करार आहे. पहिल्या संध्याकाळी न बोलता राहिल्यानं माझ्या गळ्यात गोळा आला, एवढा मोठा की डॉक्टरला दाखवावा लागेल असं वाटलं. गिरणीवाला एकदा सहज म्हणून येऊन पाहून गेला आणि त्यानं ग्रुपवर टाकलं, 'आज एक चमत्कार पाहिला.'

आणि ते बपेऱ्याचं गाणं मी पुरं ऐकलं. ग्रुपवर आलं होतं ते फक्त तोंड होतं. खरं गाणं पुढं आहे. ती बाई नदीपल्याडच्या नवऱ्याला हाका मारते, तो येत नाही, पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या कडव्यात ती हाका मारायचं सोडते आणि काठावर बसून स्वतःशीच काहीतरी सांगू लागते, तिथं मागचा बाजाही थांबतो. शब्द बोलीतले आहेत, भरभर जातात, मला नीट धरता येत नाहीत.

तिसरं कडवं आलं की बायको तांदळातून हात काढून घेते आणि हसते. माझ्याकडे न बघता, खाली बघून, अगदी थोडंसं. बाकीच्या बायाही हसतात, त्यांना ते शब्द कळत असले पाहिजेत. मी इतकी वर्षं त्या रस्त्यावर तिकिटं फाडली, मला ते कळत नाहीत. काय म्हणते ती बाई काठावर बसून? नवऱ्याबद्दलच म्हणते, एवढी माझी खात्री आहे. चांगलं म्हणत असेल असं माझं मन म्हणत नाही.

विचारता येत नाही. गाणं चालू असतं.